दुधाचा खाडा आणि बुलबुलाची अंडी

मैत्रिणींनो, आमच्या नांदेडच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराआड एक कॅलेंडर टांगलेलं असतं. तुमच्याकडेही असेलच. माझी सगळी कारकुनी त्यावर चालते. दुधाचा खाडा, सिलेंडर कधी लावला, इस्त्रीला किती कपडे गेले, वन्संचा वाढदिवस. वर्ष संपलं की ते रद्दीत जातं. निदान आतापर्यंत तरी जात होतं.

मागच्या मे महिन्यात लातूरहून माझा भाचा आला. हा मुलगा गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडणाऱ्यांपैकी. ताईची तक्रार, की रविवारी पहाटे पाचला उठून तळ्यावर जाईल, पण कोपऱ्यावरून कोथिंबीर आण म्हटलं की याचे पाय दुखतात. आल्या आल्या गॅलरीत गेला आणि तिथूनच ओरडला, "मावशी, मधुमालतीत बुलबुलाचं रिकामं घरटं आहे. कधी केलं होतं?"

"झाला असेल महिना."

"तारीख सांग ना."

"तारीख कशाला? बारसं करायचंय का त्याचं?" असं मी म्हटलं खरं, पण मग आठवलं आणि कॅलेंडर काढलं. एप्रिलच्या पानावर, दुधाच्या खाड्याशेजारी, माझ्याच अक्षरात होतं: 'माळी परत पाठवला. वेलात अंडी, तीन.' आणि दोन आठवडे खाली: 'पिलं ओरडतात. दुपारी झोप नाही.'

सोन्याची पाटली सापडावी तसा चेहरा झाला त्याचा! म्हणाला, आम्ही चार-चार तास उन्हात फिरतो तेव्हा कुठे एखादी अशी नोंद मिळते.

मग रात्री गच्चीवर त्याने मला सगळं समजावून सांगितलं. ते इतकं आवडलं, की तुम्हाला सांगितल्यावाचून राहवेना.

कुठला पक्षी कुठे दिसला हे पुष्कळ जण लिहितात. पण दिसणं वेगळं आणि नांदणं वेगळं. हिवाळ्यात आपल्या विष्णुपुरीच्या पाण्यावर बदकं उतरतात, अंगणात शेपटी हलवत धोबी फिरतो. ते सगळे पाहुणे. चार महिने राहतात, उत्तरेकडे परत जातात, पिलं तिकडे वाढवतात. एखाद्या पक्ष्याला वाचवायचं तर त्याचं बाळंतपण कुठे होतं हे आधी ठाऊक हवं. म्हणून मुलखाच्या नकाशावर सारख्या मापाचे चौकोन आखायचे, एकेक चौकोन एकेकाने वाटून घ्यायचा, आणि तिथे कोण घरटी करतं ते पाहून भरायचं. पगार नाही, भत्ता नाही. इंग्लंड-आयर्लंडकडे १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत हजारो हौशी माणसांनी ३,८६२ चौकोन असे पिंजून काढले. दहा-दहा किलोमीटरचा एकेक चौकोन! १९७६ साली त्याचं पुस्तक झालं.

नक्की घरटं आहे हे ठरवायचं कसं? त्यांच्या तीन पायऱ्या असतात. भाचा बिचारा मोठमोठे शब्द वापरत होता. मी म्हटलं, अरे, ही तर आपली सोयरीक. नर योग्य जागी, योग्य मोसमात गात बसलाय, म्हणजे मुलगा लग्नाचा आहे. एवढ्यावर 'शक्य' लिहायचं. जोडी दिसली, एकमेकांमागे उडताहेत, पुन्हा पुन्हा त्याच जागी येताहेत, म्हणजे सुपारी फुटली. 'बहुतेक' लिहायचं. आणि अंडी, पिलं, किंवा चोचीत अळी धरून न गिळता लगबगीने जाणारी आई दिसली, म्हणजे बारसंच! 'नक्की'. आणखी एक खूण त्याने सांगितली, ती आपल्याला चटकन पटेल. कित्येक पक्ष्यांच्या पिलांची शी एका पांढऱ्या पातळ पिशवीत बाहेर येते. आईबाप ती चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. धुवायला नको, वाळवायला नको. मला तर हेवाच वाटला.

खरं सांगायचं तर घरटी बघणं आपल्या मराठवाड्याला नवं नाही. माझ्या सासूबाई वैशाखात परसातून डोकावून बघायच्या, कावळ्याने यंदा कुठल्या झाडावर काड्या नेल्या. आंब्यावर नेल्या तर पाऊस चांगला, बाभळीवर नेल्या तर दुष्काळ. टिटवीने उंचावर अंडी घातली तर नदी फुगणार. हे ठोकताळे किती खरे निघतात याचा हिशेब कुणी ठेवला नाही, मीही नाही. पण बघणं मात्र बिनचूक होतं. लिहिणं तेवढं राहून गेलं.

लिहिणारे आले ते बाहेरून. आपला मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता तेव्हाची गोष्ट. १९३१-३२ साली सलीम अलींनी त्या संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ती पुढे छापून आली. त्यांच्या पत्नी तेहमीनाबाई अशा मोहिमांत बरोबर असत, मुक्कामाची व्यवस्था बघत. रानात तंबू ठोकून रोजचा स्वयंपाक, पाणी, हिशेब सांभाळायचा म्हणजे काय, ते आपल्यालाच कळेल.

त्याच सुमारास, १९३० साली, सलीम अलींनी अलिबागजवळ किहीमला सुगरणीची घरटी दिवसचे दिवस न्याहाळली. आणि काय निघालं माहीत आहे? घरटं विणतो तो नर! अर्धवट विणून झालं की उलटा लटकून, पंख फडफडवून बोलावतो. मादी येते, आत-बाहेर फिरून तपासते. पसंत पडलं तर राहते, नाहीतर चालती होते. एकीची सोय लागली की हे महाशय दुसरं घर विणायला घेतात. कौतुकाचं नाव मात्र आपण बाईच्या वाट्याला दिलंय, सुगरण. (हे मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. वर्तमानपत्रामागून काही उत्तर आलं नाही.)

आता केरळची गंमत ऐका. २०१५ ते २०२० या काळात तिथल्या हजाराहून अधिक लोकांनी मिळून अख्ख्या राज्याच्या पक्ष्यांचा नकाशा केला. राज्यभराचा असा नकाशा भारतात तो पहिला. त्यांनी घरट्यांपुरतं नाही, सगळेच पक्षी मोजले, वर्षातून दोन मोसमांत. साधारण एकेक किलोमीटरचे सुमारे चार हजार चौकोन, आणि प्रत्येकात पंधरा-पंधरा मिनिटांच्या याद्या. ३६१ जातींची नोंद झाली. हजार माणसं काही सगळी शास्त्रज्ञ नसणार.

आपल्याकडे हे तातडीचं का, ते मला नांदेडहून लातूरला जाताना एसटीच्या खिडकीतून कळतं. लोहा सोडलं की अहमदपूर, चाकूरपर्यंत मधून मधून माळरान लागतं. उन्हाळ्यात पिवळं, रखरखीत. आपण म्हणतो, काही नाही तिथे. सरकारी दप्तरातही बहुधा ती 'पडीक'. पण टिटवी, चंडोल, तित्तर, धाविक हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात. झाड नाही, काड्या नाहीत, खडकाच्या रंगाची अंडी उघड्यावर. वरून कारखाना आला, झाडं लावण्याची मोहीम आली, खाणीचा ट्रक आला, तर तिथे कुणाचं घर होतं हे सांगणार कोण? नोंद नसेल तर घरच नव्हतं, असाच हिशेब होतो.

माळढोकाचं असंच झालं. आपल्या शेजारच्या सोलापूरजवळ नान्नजला हा पक्षी होता. तिथले बी. एस. कुलकर्णी त्याच्या मागावर राहिले, नोंदी करत राहिले आणि १९७९ साली अभयारण्य झालं. माळढोकाची मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या माळावर. एका अंड्यावर चाललेला संसार! कुत्रं आलं, गुरांचा पाय पडला की वर्ष फुकट. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणं जवळजवळ संपलंच आहे. नोंद झाली म्हणून सगळं वाचतं असं नाही, हे मलाही कळतं. पण निदान काय होतं आणि कुठे होतं, एवढं तरी सांगता येतं.

उलटही होतं. चिमण्या नाहीशा झाल्या, असं आपण सगळ्याच म्हणतो. देशभरातल्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० साली जो अहवाल निघाला, त्यात दिसलं की मोठ्या शहरांत त्या घटल्या, पण एकूण देशात बऱ्याच अंशी टिकून आहेत. आमच्या किराणा दुकानाच्या पोत्यांवरच्या चिमण्यांनी हे आधीच सांगितलं होतं म्हणा.

तर कॅलेंडराचं काम सोपं आहे. घरटं दिसलं त्या तारखेला पक्ष्याचं नाव लिहा. नाव ठाऊक नसेल तर रंग आणि आकार लिहा. काडी नेताना दिसला, अंडी दिसली, पिलं उडाली, तेही त्या त्या तारखेला. गावाचं नाव एका कोपऱ्यात. मोबाईल चालवता येत असेल तर ई-बर्डवर ही नोंद करता येते, तिथे घरट्याच्या खुणांची वेगळी जागा असते. नाहीतर घरातल्या कॉलेजच्या मुलाला कामाला लावा. घरट्याला हात लावायचा नाही, फांदी वाकवून नातवंडांना दाखवायचं नाही. आपण वारंवार डोकावलो की कावळ्याला पत्ता कळतो. आणि घुबड-घारीसारख्या कुणाचं घरटं असेल तर चारचौघींत जागा सांगत बसू नका.

हे सांगायचा मला काय अधिकार, ते कबूल करते. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी पाडव्याच्या साफसफाईत मीटरच्या पेटीवरचं चिमणीचं घरटं मी केरसुणीने खाली ओढलं. कचरा समजून. आत काय होतं ते फरशीवर पडल्यावर दिसलं. चिमणी दोन दिवस त्या पेटीवर येऊन बसत होती. ती तारीख मी कुठे लिहिली नाही, पण लक्षात आहे.

मागच्या वर्षीचं कॅलेंडर यंदा रद्दीत दिलं नाही. भाचा घेऊन गेला, सिलेंडर-दुधासकट. आता मृगाची वाट बघतेय. लोह्याकडे आमच्या शेतातल्या विहिरीवर बाभळीची फांदी वाकली आहे, तिच्यावर दरवर्षी सुगरणींची वसाहत होते. दीर म्हणतात, मोजायला काय, वीस-पंचवीस असतील. वीस की पंचवीस, ते मी या खेपेला काठावर बसून मोजणार आहे.

पावसाळ्यात तुरीच्या डाळीला कीड लागू नये म्हणून काय करावं, असं बऱ्याच जणींनी पत्रातून विचारलंय. ते पुढच्या अंकात.