दोष पिशवीचा नाही

‘पिशवी खराब झालीय. काढली नाही तर कॅन्सर होईल.’ बीड जिल्ह्यातल्या कितीतरी ऊसतोड बायांनी हे ऐकले आणि ऐन तिशीत गर्भाशय काढून घेतले. तक्रार काय होती? अंगावरून पांढरे जाणे, पोटदुखी, पाळीत जास्त रक्त जाणे. यातल्या बऱ्याच तक्रारी औषधाने बऱ्या होतात.

२०१९ मध्ये हा विषय देशभर गाजला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. देशात १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे.

बाईच्या दुखण्याचे खापर गर्भाशयावर फोडायची रीत जुनी आहे. ग्रीक भाषेत गर्भाशयाला ‘हिस्तेरा’ म्हणत. त्यावरून ‘हिस्टेरिया’ हे निदान आले. झटके, रडू, घुसमट, निद्रानाश, सगळ्याला हे एकच नाव. ही पाश्चात्त्यांची चूक म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. ज्यांचा आपण अभिमान बाळगतो त्या इब्न सीना यांच्या ‘अल-कानून’मध्येही ‘इख्तिनाक-ए-रहम’, म्हणजे गर्भाशयामुळे होणारी घुसमट, हा आजार आहे. थोरांनीही ही समजूत पुढे नेली. पुढे १८७२ पासून अमेरिकेत रॉबर्ट बॅटी या शल्यविशारदाने असल्या त्रासांवर इलाज म्हणून चांगली अंडाशये काढायला सुरुवात केली आणि त्याचे अनुकरणही झाले. अखेर १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या निदानसूचीतून ‘हिस्टेरिया’ वगळला. बायांचा त्रास खरा होता, सांगितलेले कारण खोटे होते.

बीडमध्येही त्रास खराच आहे. पण तो येतो कुठून? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फेडायची, खाडा पडला तर पैसे कापणार. पहाटेपासून मोळ्या उचलायच्या. फडावर ना संडास, ना न्हाणीघर, ना स्वच्छ पाणी. लहान वयात लग्न, लवकर बाळंतपणे. अशा जगण्यात पाळीही अडचण ठरते आणि ‘कटकटच नको’ म्हणून बाई स्वतःच ऑपरेशनला तयार होते. तिने सही केली खरी. पण दुसरा पर्याय तिच्यासमोर कोणी ठेवला होता?

ऑपरेशननंतर कटकट संपत नाही. अंडाशयेही काढली असतील तर रजोनिवृत्ती अकालीच येते, हाडे ठिसूळ होतात. कंबर धरून तीच बाई पुन्हा फडावर उभी राहते.

गाजावाजा झाल्यावर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले. पण नियम दवाखान्याच्या दारात आपोआप उभा राहत नाही. तिथे तुम्ही उभे राहू शकता.

अम्मी, खाला किंवा शेजारच्या काकूंसोबत दवाखान्यात जाल तेव्हा रिपोर्ट मागा, वाचा. आजाराचे नाव विचारा. औषधाने भागेल का, हे विचारा. सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्या. आणि घरात पाळीबद्दल बोलायची लाज सोडा. आपण गप्प बसतो म्हणूनच ‘पिशवी खराब’ एवढे दोन शब्द पुरेसे ठरतात.