नेट कुणी बंद केलं? आदेश दाखवा!

२०२३ चा ऑक्टोबर संपत आला होता. मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलेलं. उमरग्याजवळ तुरोरीत कर्नाटकची बस जाळली गेली, धाराशिवमध्ये संचारबंदी लागली आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं. कळंबहून मांजरा ओलांडली की बीड जिल्हा लागतो. म्हणजे नदीच्या अलीकडे रेंज, पलीकडे सगळं ठप्प. केजच्या मित्राला ‘कुठंय? बराय ना?’ असं विचारावं, तर मेसेजवर एकच टिक.

ती एक टिक म्हणजे काय असतं, हे आपल्याकडच्या पोरांना सांगायला नको. नेट गेलं की फक्त रील्स जात नाहीत. भरतीचा फॉर्म अडकतो, हॉल तिकीट निघत नाही, पीक विम्याचं पोर्टल उघडत नाही, टपरीवर चहाचे दहा रुपये द्यायलाही स्कॅनर चालत नाही. आणि नेमकं गडबडीच्या वेळी खरं काय, अफवा काय, हे तपासायची सोयही जाते.

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळच्या रील्स आपण सगळ्यांनीच पाहिल्या. सरकारनं ४ तारखेला फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअॅपसह २६ प्लॅटफॉर्म बंद केले. ८ तारखेला पोरं काठमांडूच्या रस्त्यावर उतरली. राग फक्त बंदीचा नव्हता, भ्रष्टाचाराचा आणि नेत्यांच्या मुलांच्या थाटाचाही होता. त्या एका दिवसात १९ जणांचा जीव गेला. बंदी मागे घेतली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. आपल्याकडच्या ग्रुपवर लगेच सुरू झालं, ‘आपली जेन झी कधी उठणार?’

पण भावांनो, आपल्याकडे हे भांडण आधीच झालंय. महाराष्ट्रातच सुरू झालं, आणि एकही दगड न मारता जिंकलं गेलं.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती. पालघरच्या एका २१ वर्षांच्या मुलीनं या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीनं ती पोस्ट लाइक केली. बस्स, लाइक! दोघींना अटक झाली. जमावानं एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. लावलेल्या कलमांत आयटी कायद्याचं ६६ अ होतं. मजकुरानं कुणाला ‘त्रास’ झाला, कुणाची ‘गैरसोय’ झाली, तरी तीन वर्षांपर्यंत तुरुंग, असं ते कलम. आता मला सांगा, ज्यानं कुणालाच त्रास होत नाही असं स्टेटस कधी कुणी ठेवलंय का?

हे वाचून दिल्लीची श्रेया सिंघल ही विशीतली मुलगी सुप्रीम कोर्टात गेली. ती तेव्हा वकीलही नव्हती, कायद्याचं शिक्षण पुढे घेतलं. २४ मार्च २०१५ ला न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठानं ६६ अ रद्द केलं. निकालात एक फरक फार नेमका सांगितलाय. चर्चा करणं वेगळं, एखाद्या मताचा जोरदार पुरस्कार करणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं. सरकारला हात घालता येतो तो तिसऱ्या टप्प्यावर.

गंमत म्हणजे (खरं तर संताप यावा अशी गोष्ट) कलम मेलं तरी पोलीस ठाण्यांत ते जिवंत राहिलं. त्याखाली गुन्हे दाखल होतच राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका.

कलम बदलतं, पद्धत तीच राहते. मे २०२५ मध्ये पुण्यात इंजिनीअरिंगच्या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीनं ऑपरेशन सिंदूरबद्दलची एक पोस्ट रिपोस्ट केली. दोन तासांत डिलीट केली, माफीही मागितली. तरी कॉलेजनं काढून टाकलं, पोलिसांनी अटक केली. २७ मे रोजी मुंबई हायकोर्टानं तिला जामीन दिला, कॉलेजचा आदेश थांबवला, पोरीचं आयुष्य उद्ध्वस्त करायचंय का असा सूर लावला. तोवर सेमिस्टरचे पेपर बुडाले होते. तिची पोस्ट तुम्हाला पटली नसेल. मलाही नसेल पटली. प्रश्न तो नाहीच.

आता जरा आपल्याच अंगणात बघू. पालघरचा दवाखाना सरकारनं नाही फोडला. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही तरुणांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरून बंद झाला, दगडफेक झाली आणि नेट बंद करावं लागलं. रस्त्यावर कोण होतं? आपल्याच वयाची पोरं. आपल्या नेत्यावर, आपल्या महापुरुषावर, आपल्या जातीवर कुणी काही लिहिलं की स्क्रीनशॉट काढून ‘याच्यावर गुन्हा दाखल करा’ म्हणत पोलीस ठाण्यावर जाणारेही आपणच असतो. दुसऱ्याच्या तोंडाला कुलूप लावा म्हणायचं आणि आपलं नेट गेलं की लोकशाही आठवायची, असं कसं जमेल? सरकारला बंदीचं कारण बहुतेकदा आपणच नेऊन देतो.

तर मग विरोध करायचा कसा? नुसत्या हॅशटॅगनं काही होत नाही. नेट बंद करायचा अधिकार मुळात कुणाला, हे माहीत पाहिजे. कलेक्टर किंवा एसपी स्वतःच्या सहीनं नेट बंद करू शकत नाहीत. ते मागणी करतात, आदेश राज्याच्या गृहसचिवांचा लागतो. अगदीच अडचण असेल तर सहसचिव दर्जाचा अधिकारी आदेश काढू शकतो, पण त्याला २४ तासांत मंजुरी लागते. जानेवारी २०२० मध्ये ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादक अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की बेमुदत बंदी चालणार नाही आणि असे आदेश लोकांसाठी प्रसिद्ध करावेच लागतील. २०२४ च्या नव्या नियमांतही तेच आहे: लेखी कारण, नेमका भाग, जास्तीत जास्त १५ दिवस, आणि पाच दिवसांत आढावा समितीची तपासणी.

एखादं अकाउंट किंवा पोस्ट ब्लॉक होते तेव्हा मात्र एवढंही मिळत नाही. कलम ६९ अ खालचे आदेश गोपनीय असतात. सकाळी उठून बघावं तर पेज गायब, कारण विचारायला दार नाही. पुढची खरी लढाई तिथली आहे.

नेटबंदीचं दार मात्र उघडं आहे. पुढच्या वेळी केजच्या मित्राच्या मेसेजवर एकच टिक दिसली, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. मंत्रालयातला गृह विभाग, फी १० रुपये, मजकूर १५० शब्दांत आणि एकाच विषयावर. विचारायचं एवढंच: आदेशाची प्रत द्या, तो कुठे प्रसिद्ध केला ते सांगा, आढावा समितीची बैठक कोणत्या तारखेला झाली त्याचं इतिवृत्त द्या. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज ऑनलाइनही करता येतो, अर्थात नेट चालू असेल तर. नसेल तर पोस्टानं पाठवा.