आधी भाडं, मग भाव

आमच्या वाणगावात मिरचीचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळी टेम्पो भरायची एकच घाई असते. तोडणीची मजुरी दिलेली असते, खोक्यांचे पैसे दिलेले असतात, गाडीचं भाडंही ठरलेलं असतं. आणि भाव? तो कळणार दुसऱ्या दिवशी, मार्केटात माल उतरल्यावर! माझे सासरे नेहमी म्हणायचे, ‘भाडं आधी जातं पोरी, भाव मागून येतो. दोन्हींचा हिशेब घरीच करून निघायचं.’ लग्नाला चौदा वर्षं झाली, पण या वाक्याचा खरा अर्थ मला गेल्या पावसाळ्यात कळला. त्यासाठी मी ३,५४० रुपये मोजले!

झालं असं, की मला घरबसल्या काहीतरी करायचं होतं. इथल्या बऱ्याच जणी बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत जातात. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून काही जणी थेट विरार, अंधेरी गाठतात. पण लेक लहान, सासूबाईंचे गुडघे दुखरे, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी. मला घर सोडून आठ-दहा तास बाहेर राहणं शक्य नव्हतं. अशा वेळी मोबाइलवर एक शब्द वारंवार दिसायला लागला, अ‍ॅफिलिएट मार्केटिंग.

शब्द मोठा आहे, पण मैत्रिणींनो, गोष्ट आपल्या ओळखीचीच आहे. माल दुसऱ्याचा, दुकान दुसऱ्याचं. आपण फक्त गिऱ्हाईक आणून द्यायचं. दुकान आपल्याला एक खास लिंक देतं. त्या लिंकवरून जाऊन कुणी खरेदी केली की ठरलेलं कमिशन आपलं. अ‍ॅमेझॉनने ही पद्धत १९९६ साली आणली म्हणून तिचा गाजावाजा झाला, एवढंच. आपल्याकडे तर १९७२ पासून पोस्टाची महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आहे. माझी आई त्याच योजनेत एजंट होती. महिन्याच्या महिन्याला घरोघरी जाऊन आवर्तन ठेवीचे, म्हणजे आरडीचे पैसे गोळा करायची, पोस्टात भरायची आणि त्यावर तिला ४ टक्के मिळायचे. आमच्या शाळेच्या वह्या, दिवाळीचे कपडे, सगळं त्या ४ टक्क्यांतून आलेलं! तेव्हा ‘आईला जमलं, मग मला का नाही?’ असं मला वाटणं साहजिक होतं.

पण आईच्या आणि माझ्या धंद्यात एक मोठा फरक होता. आईची गिऱ्हाइकं म्हणजे आळीतल्या काकू, मावश्या. त्यांच्या दारात जायला तिला फक्त चपला झिजवाव्या लागत. मला कोण ओळखतं? मग मी निवडली गूगलवरची जाहिरात. २००० साली सुरू झालेली ही सोय आता गूगल अ‍ॅड्स नावाने ओळखली जाते. कुणी गूगलवर काही शोधलं, की उत्तरांच्या वर किंवा खाली ‘प्रायोजित’ असं लिहिलेल्या जाहिराती दिसतात ना, त्या याच. कोणत्या शब्दांना आपली जाहिरात दाखवायची, ते आपण सांगायचं. जाहिरात नुसती दिसली तर साधारणपणे पैसे पडत नाहीत, पण कुणी तिच्यावर बोट टेकवलं की आपले पैसे गेले. मग तिने खरेदी करो, वा न करो.

एका शब्दासाठी अनेक जाहिरातदार असतील तर दर शोधाला डोळ्याची पापणी लवते न लवते तोच लिलाव होतो. त्यात जास्त बोली लावणाराच जिंकतो असं नाही. जाहिरात त्या शोधाशी किती जुळते आणि पुढचं पान किती उपयोगी आहे, हेही पाहिलं जातं. हे सगळं मी नंतर शिकले. सुरुवातीला मला एवढंच ठाऊक होतं, की पैसे भरायचे आणि वाट बघायची.

मी वस्तू निवडली घरघंटी. म्हटलं, दळण तर घराघरात लागतं. शिवाय वस्तू महाग. कर वगळून १६,००० रुपयांच्या घरघंटीवर ४ टक्के म्हणजे ६४० रुपये. आईचेही ४ टक्के, माझेही ४ टक्के! योगायोगाने मी इतकी हरखले, की भिशीचे आलेले पैसे सरळ जाहिरातीला लावले. ते पैसे लेकीच्या क्लासच्या फीसाठी ठेवलेले होते. घरात कुणाला बोलले नाही. दोन महिन्यांत दुप्पट करून ठेवू, मग सांगू, असं मनात होतं.

पहिला धक्का भरणा करतानाच बसला. ३,५४० रुपये भरले, पण जाहिरातीसाठी खात्यात दिसले ३,०००. बाकीचे ५४० रुपये जीएसटीचे, १८ टक्के. मग रोज मोबाइल उघडून बघायचे, क्लिक वाढताहेत! दहा, चाळीस, शंभर... वाटायचं, दुकान कसं गजबजलंय. एका क्लिकला सरासरी साडेसात रुपये जात होते. महिनाअखेरीस ४०० क्लिक झाले, ३,००० रुपये संपले. ऑर्डर किती? एक! आणि आठ दिवसांनी तीही परत गेली. माल परत गेला की कमिशनही परत जातं, हे मला तेव्हा कळलं. ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ म्हणतात, ते घरघंटीच्याच बाबतीत माझ्यावर खरं ठरलं.

त्या रात्री नवरा ड्युटीवर होता. मी रडून घेतलं आणि मग एकदाचा तो अहवाल उघडला, ज्यात लोकांनी नेमकं काय शोधलं ते दिसतं. खरं तर तो मी पहिल्याच दिवशी पाहायला हवा होता. ‘मोफत पिठाची गिरणी योजना’, ‘पिठाची गिरणी अर्ज कागदपत्रे’, ‘गिरणी अनुदान महिला’... पानभर तेच! जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागाकडून पिठाच्या गिरणीसाठी अनुदान मिळतं, त्याची चौकशी करणाऱ्या या बायका होत्या. बाकीच्या काही जणी दुरुस्तीवाला शोधत होत्या, काही जुनी गिरणी, काही नुसती जाळी. विकत घ्यायला आलेली क्वचितच कुणी. मी ‘पिठाची गिरणी’ असा मोघम शब्द दिला होता आणि यंत्राने जवळचं-लांबचं सगळं त्यात धरलं होतं. दोष यंत्राचा नाही. मी दाराला कडीच लावली नव्हती!

आणि खरं सांगू? मला माझ्या पैशांइतकंच त्या बायकांचंही वाईट वाटलं. कुठल्याशा पाड्यावर बसून त्या आशेने अर्जाची माहिती शोधत होत्या आणि मी त्यांना १६ हजारांचं यंत्र दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो रागावला, पण पैसे गेल्यापेक्षा लपवल्यामुळे जास्त. सासूबाई मात्र एवढंच म्हणाल्या, ‘अगं, दोन रुपयांच्या कोथिंबिरीसाठी भाजीवालीशी घासाघीस करतेस, आणि इथे हिशेब विचारला नाहीस?’

त्यांच्या या एका प्रश्नावर मी वही घेऊन बसले. साडेसात रुपयांच्या क्लिकवर कर धरला की ८ रुपये ८५ पैसे. एका विक्रीचं कमिशन ६४०. भागाकार केला, उत्तर आलं ७२. म्हणजे दर ७२ क्लिकमागे एक विक्री झाली तर माझं नुकसान नाही आणि फायदाही नाही. शंभर क्लिकमागे एक झाली तर ८८५ रुपये घालवून ६४० मिळवायचे! हा भागाकार चौथीतली मुलगीही करील. मी मात्र तो पैसे भरण्याआधी केला नव्हता. कमिशन भागिले क्लिकचा खर्च, एवढं गणित घरीच करून निघायचं. सासऱ्यांचं भाडं-भावाचं वाक्य ते हेच.

मग दुरुस्त्या केल्या. ‘मोफत’, ‘योजना’, ‘अर्ज’, ‘अनुदान’, ‘दुरुस्ती’, ‘जुनी’, ‘जाळी’ हे शब्द ‘नको’च्या यादीत टाकले. हे शब्द शोधात असले की आपली जाहिरात दिसायची नाही, अशी सोय असते. मोघम शब्द काढले आणि ‘१ एचपी घरघंटी किंमत’ असे नेमके शब्द ठेवले, देवनागरीतही आणि इंग्रजी अक्षरांतही, कारण आपल्या बायका दोन्ही तऱ्हांनी लिहितात. खातं उघडताना काही खुणा आधीच केलेल्या असतात. इतर संकेतस्थळांवरही जाहिरात दाखवा, त्या भागात ‘रस असलेल्या’ बाहेरच्या लोकांनाही दाखवा, अशा. त्या एकेक करून काढल्या. रोजची मर्यादा ५० रुपये केली. पण लक्षात ठेवा, एखाद्या दिवशी त्याच्या दुप्पटही खर्च होऊ शकतो. महिन्याचा आकडा मात्र रोजच्या मर्यादेच्या ३०.४ पटीवर जात नाही.

सगळ्यात मोठं काम म्हणजे स्वतःचं पान लिहिलं. जाहिरातीवरून गिऱ्हाइकाला थेट दुकानात ढकलणं बऱ्याच ठिकाणी चालत नाही. अ‍ॅमेझॉनच्या नियमांत तर शोधातल्या जाहिरातीवरून आपल्या लिंकने सरळ त्यांच्याकडे पाठवायला आणि त्यांच्या नावाच्या शब्दावर बोली लावायलाही मनाई आहे. नियम मोडला तर कमिशन जातं, खातंही बंद होतं. आणि जिथून नुसतंच पुढे पाठवलं जातं, अशी कोरडी पानं गूगललाही चालत नाहीत. म्हणून मी माझ्या पानावर आपल्या भाषेत लिहिलं. अर्ध्या एचपीची घ्यावी की एकची? १ एचपीची मोटर म्हणजे साधारण पाऊण किलोवॉट, तासभर चालली तर पाऊण युनिट वीज. आवाज किती, साफ कशी करायची, ओलसर धान्य का घालू नये. शेवटी दोन ओळी. एक, ‘या लिंकवरून खरेदी केलीत तर मला कमिशन मिळतं.’ जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक विभागाने जानेवारी २०२३ मध्ये हेच बजावलं आहे, की शिफारशीमागे आपला फायदा असेल तर तो उघड सांगा. दुसरी ओळ, ‘अनुदानाची चौकशी पंचायत समितीत करा.’ या ओळीतून मला एक पैसा मिळत नाही. पण ती मी काढणार नाही.

दुसऱ्या महिन्यात १,७७० रुपये भरले, करासकट. २०० क्लिक झाले, तीन घरघंट्या गेल्या, एकही परत आली नाही. कमिशन १,९२०. नफा दीडशे रुपये! हसू नका. हे दीडशे माझ्या हिशेबाचे होते. आणि तेही हातात पडायला दोन महिने लागले, कारण परतीची मुदत संपल्याशिवाय कमिशन पक्कं होत नाही. जाहिरातीचे पैसे मात्र आजच जातात. मधल्या दोन महिन्यांचं भांडवल ज्यांच्याकडे नाही, त्यांनी या वाटेला घाईने जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणूनच मला राग येतो तो ‘घरबसल्या महिना तीस हजार’ म्हणणाऱ्यांचा. आमच्याच आळीतल्या एका वहिनींनी अशा एका ‘मॅडम’ना ९,९९९ रुपये भरून कोर्स घेतला. शिकवलं काय? तोच कोर्स आणखी चार जणींना विकायचा आणि कमिशन घ्यायचं! ना घरघंटी, ना मिक्सर, विकायला फक्त पुढची बाई. याला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणत नाहीत. माणसं जोडून पैसे फिरवण्याच्या योजनांवर आपल्या देशात १९७८ पासून कायद्याने बंदी आहे. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या दुकानाचं अ‍ॅफिलिएट व्हायला सहसा एक रुपयाही लागत नाही. कुणी आधी प्रवेश फी मागितली की फोन ठेवून द्या. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

मैत्रिणींनो, ज्यांना करून पाहायचं असेल त्यांनी जरूर करा. पण बचत गटाचं कर्ज काढून नको, मंगळसूत्र ठेवून नको आणि मी केलं तसं लपवून तर मुळीच नको. गेले तरी चूल पेटेल, एवढेच पैसे लावा. खातं आणि पॅन स्वतःच्या नावावर ठेवा. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर दहा मिनिटं त्या दिवशीचे शोध वाचा आणि वहीत तीन आकडे लिहा, किती गेले, किती क्लिक झाले, किती विकलं गेलं. दोन महिने नीट करूनही गणित जुळलं नाही तर वस्तू बदला किंवा थांबा. थांबण्यात कमीपणा नाही.

माझी लेक आता ती वही मागून घेते आणि भागाकार स्वतः करते. तिच्या क्लासची फी मी हप्त्यांनी भरली. गेलेले ३,५४० अजून पुरते भरून निघालेले नाहीत. या महिन्याअखेर निघतील, असं वही सांगते!