चार्ट एक, नावं चार

गेल्या आठवड्यात दप्तराच्या ओझ्यावर लिहिलं. आज त्याच दप्तरातून डोकावणाऱ्या चार्ट पेपरावर.

भाईंदर पश्चिमेला सातवीच्या एका वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो. चार-चारांचे गट, विषय चिमाजी अप्पांची वसई मोहीम. माझ्या पुढच्या गटात एक मुलगी जीभ बाहेर काढून तटबंदी रंगवत होती. दुसरी स्केचपेनांची टोपणं सांभाळत होती. एकाने पट्टी धरली होती आणि चौथा खिडकीबाहेर बघत होता. चार्टखाली नावं चौघांची, गुणही चौघांना सारखेच. याला आपण गटकार्य म्हणतो.

‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाचा शासन निर्णय २२ जून २०१५चा. त्या काळात साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातले शिक्षक गाड्या करून जात. तिथे मुलं एकमेकांना विचारत, शिकवत. परतल्यावर आपण बाकं सरकवली, फरश्या रंगवल्या; कामाची वाटणी तेवढी राहून गेली.

ती कशी करावी हे अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात १९७१मध्ये एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं. गोरी, कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाची मुलं तिथे नुकतीच एका वर्गात आली होती आणि हाणामाऱ्या चालू होत्या. त्याने धड्याचेच तुकडे केले. आपल्या वसईचे करून बघा: एकाला घोडबंदर, दुसरीला भाईंदरजवळचा धारावीचा किल्ला, तिसऱ्याला १७३९चा वसईचा वेढा, चौथीला पोर्तुगीजांचं आरमार. सगळ्या गटांतले ‘धारावीवाले’ आधी एकत्र बसून आपला भाग पक्का करतात, मग आपापल्या गटात येऊन शिकवतात. परीक्षा मात्र ज्याची त्याने द्यायची, चारही भागांवर. त्यामुळे अडखळत बोलणाऱ्याचंही कान देऊन ऐकावं लागतं. घरी कोळी, गुजराती, भोजपुरी, मारवाडी बोलणारी पोरं आपल्याकडे एकाच बाकावर बसतात. ऑस्टिनची गोष्ट परकी वाटायचं कारण नाही.

पहिले दोन-तीन तास गोंधळ होतो, पोर्शन मागे पडतो, हे खरं. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितलाय. साठांच्या वर्गात बाई गटागटात फिरणार कशा? ही तक्रार मला मान्य आहे. ‘आमच्या मुलीने दुसऱ्यांना का शिकवायचं?’ ही पालकांची तक्रार मान्य नाही. जे दुसऱ्याला सांगता येत नाही, ते तिलाही कळलेलं नसतं.

तास संपल्यावर खिडकीवाल्याला गाठलं.

“कुठे राहतोस?”

“चौकला. धारावीच्या किल्ल्याजवळ. वरून वसईचा किल्ला दिसतो ना.”

“गटात सांगितलंस हे?”

“मला पट्टीपण नाय दिली.”

चार्ट भिंतीवर लागला होता. त्यात धारावीचा किल्ला नव्हताच.