बेंचवरची निष्ठा

पाडव्यानंतरच्या रविवारी काका-काकू शिकागोहून आमच्याकडे मॅडिसनला आले होते. श्रीखंड-पुरी झाली, काकू आणि बायको स्वयंपाकघरात गप्पांना बसल्या, आणि काका सोफ्यावर लवंडून कॉलेज बास्केटबॉल बघायला लागले. मार्च महिन्यात इथे दुसरं काही बघायची सोयच नसते. खेळ चालू असताना समालोचक एका पोराबद्दल सहज म्हणाला, की हे याचं तिसरं कॉलेज.

झालं! काका ताडकन उठून बसले.

"तिसरं कॉलेज! ही काय खेळाडू पोरं आहेत की आयाराम-गयाराम? जरा बेंचवर बसायची वेळ आली की चालले बॅग उचलून. निष्ठा म्हणून काही राहिलीच नाही."

मी तेव्हा गप्प बसलो. एक तर जेवण अंगावर आलं होतं, आणि दुसरं म्हणजे आमच्या घरात काकांना तोंडावर उलट बोलायची पद्धत नाही. ब्लॉगवर मात्र आहे. काका हा ब्लॉग वाचतात, त्यामुळे हे पाठीमागे बोलणं नव्हे. काका, हे तुमच्यासाठीच आहे. :)

पुण्या-सांगलीच्या मंडळींसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत कॉलेजचं बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसारखं रिकाम्या मैदानावर चालणारं प्रकरण नाही. वरच्या गटात साडेतीनशेहून जास्त कॉलेजं, हजारो माणसं मावतील अशी स्टेडियम्स, टीव्हीचे अब्जावधी डॉलर्सचे करार. या सगळ्यावर एनसीएए नावाची संस्था. पूर्वी तिचा नियम असा होता, की बास्केटबॉलच्या पोराने कॉलेज बदललं तर नव्या ठिकाणी एक वर्ष खेळायचं नाही. सराव करा, अभ्यास करा, पण सामन्याच्या दिवशी साध्या कपड्यांत बसून टाळ्या वाजवा. २०२१ मध्ये प्रत्येकाला एकदा तरी या शिक्षेशिवाय कॉलेज बदलायची मुभा मिळाली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये कोर्टाने दुसऱ्या बदलीवरची बंदीही रोखली, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये एनसीएएने अभ्यास नीट चालू असेल तर कितीही वेळा बदला म्हणून टाकलं. त्यानंतर २०२५ च्या वसंतात दोन हजारांहून जास्त मुलग्यांनी बदलीसाठी नावं नोंदवली. काकांचा संताप आला तो इथून.

आता एक साधा हिशोब करू. सामना चाळीस मिनिटांचा, मैदानावर एका वेळी पाच जण. म्हणजे एका टीमकडे वाटायला एकूण दोनशे मिनिटं. आणि २०२४-२५ पर्यंत एका टीमला तेरा स्कॉलरशिपा देता यायच्या. यातली तेराही पोरं आपापल्या शाळेतली हिरो. दोनशे मिनिटं बहुतेक कोच आठ-नऊ जणांत वाटून टाकतात. उरलेले चार-पाच जण टॉवेल हलवतात. गणितच असं आहे, की कुणीतरी नाराज राहणारच. त्यात वाईट असा कुणी नाही.

पण त्या पोराला कॉलेजात आणताना हे गणित कुणी मांडून दाखवतं का? घरी येऊन, आईच्या हातचं जेवून, "तुमचा मुलगा आमच्या टीमचा कणा होणार" असं सांगणारा माणूस बाकीच्या बारा घरीही काहीतरी बोलून आलेला असतो. आणि तेरा जण काही कणा होऊ शकत नाहीत!

आता आमच्या गावचीच गोष्ट सांगतो.

२०११ मध्ये विस्कॉन्सिनच्या टीममध्ये एकाच वर्षी दाखल झालेल्या पोरांत फ्रँक कमिन्स्की आणि जॅरड उथॉफ हे दोघे उंच मुलगे होते. पहिल्या वर्षी उथॉफ एकही सामना खेळला नाही, आणि कमिन्स्कीने सरासरी दोनसुद्धा पॉइंट केले नाहीत. दोघांचाही मुक्काम जवळपास एकाच बेंचवर.

कमिन्स्की थांबला. दुसऱ्या वर्षीही त्याची सरासरी चारच्या आसपास होती. तिसऱ्या वर्षी त्याने एका सामन्यात ४३ पॉइंट केले, कॉलेजचा विक्रम. चौथ्या वर्षी, २०१५ मध्ये, तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, आणि तोवर एकही सामना न हरलेल्या केंटकीला हरवून विस्कॉन्सिन फायनलला पोचलं. फायनल ड्यूककडे गेली ही गोष्ट वेगळी. त्या आठवड्यात मॅडिसनमध्ये किराणा दुकानातला माणूससुद्धा सुट्टे पैसे देताना त्याचंच नाव घेत होता.

काका, तुम्ही म्हणाल, "बघ! थांबला म्हणून मिळालं." थांबा, दुसऱ्याची गोष्ट ऐका.

उथॉफने २०१२ च्या वसंतात जायचं ठरवलं. तेव्हा पोराने कुठे जावं यावरही जुन्या कॉलेजची परवानगी लागायची. विस्कॉन्सिनचे कोच बो रायन यांनी आपल्या बिग टेन गटातली सगळी कॉलेजं, एसीसी या दुसऱ्या गटातली सगळी कॉलेजं, आणि वर आणखी काही, अशी भली मोठी यादी त्याला बंद करून टाकली. देशभर बोंबाबोंब झाली तेव्हा यादी आखडली, पण बिग टेनवरची बंदी कायम राहिली. आणि परवानगी नाही म्हणजे नव्या कॉलेजात पहिल्या वर्षी स्कॉलरशिप नाही. उथॉफचं घर आयोवा राज्यात, त्याला जायचं होतं आयोवाला, आणि आयोवा बिग टेनमध्ये. तो तरीही गेला. वर्षभर स्कॉलरशिप नाही, खेळायला मिळणार नाही, हे माहीत असूनही गेला. २०१६ मध्ये तो बिग टेनच्या पहिल्या पाच खेळाडूंत निवडला गेला.

आता सांगा, या दोघांत चूक कुणाची? मला विचाराल तर कुणाचीच नाही. एकाला थांबणं मानवलं, दुसऱ्याला जाणं. पण आपल्याकडे पहिल्याची गोष्ट संस्कारकथा म्हणून सांगितली जाते, आणि दुसऱ्याची गोष्ट कुणी सांगतच नाही.

आणि ज्या बो रायननी ही यादी केली, ते स्वतः मॅडिसनला कसे आले? मिलवॉकीच्या कॉलेजात १९९९ ला कोच म्हणून लागले, आणि दोनच सीझन करून २००१ मध्ये आमच्याकडे मोठ्या जागेवर आले. त्यांनी काही गुन्हा केला नाही. चांगली संधी आली, घेतली. फक्त त्यांना कुणी "वर्षभर साध्या कपड्यांत बाजूला बसा" असं म्हटलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

हे एकट्या रायनचं नाही. २०२५ चं विजेतेपद फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ हरवून मिळवलं, आणि फायनल फोरचा मानकरी ठरला वॉल्टर क्लेटन ज्युनियर. तो मूळचा आयोना या छोट्या कॉलेजचा. २०२३ मध्ये तिथून फ्लोरिडाला आला म्हणजे काकांच्या हिशोबात गयाराम. पण त्याच वसंतात त्याचे कोच रिक पिटिनो आयोना सोडून सेंट जॉन्सला गेले होते. २०२४ मध्ये जॉन कॅलिपारी केंटकी सोडून आर्कान्सॉला गेले. अशा बातम्यांत "करिअरची नवी इनिंग" असं छापून येतं. पोराच्या बातमीत मात्र निष्ठेचा ऱ्हास! कोच मंडळी करार मोडण्याची भरपाई देतात असं कुणी म्हणेल. देतात, पण पुष्कळदा ती नवं कॉलेजच भरतं.

आणि स्कॉलरशिप? १९७३ पासून कितीतरी वर्षं ती एकेका वर्षाची असायची. दर उन्हाळ्यात कॉलेजने वाटलं तर पुन्हा द्यायची. २०१२ पासून कॉलेजांना जास्त वर्षांची द्यायची मोकळीक मिळाली. म्हणजे सुमारे चाळीस वर्षं कॉलेजची निष्ठा वर्षाच्या बोलीवर होती, आणि पोराकडून मात्र चार वर्षांची अपेक्षा. हा कुठला न्याय?

काका, आता जरा तुमच्याकडे येतो. रागावू नका.

तुम्ही २००१ मध्ये बेंचवर होतात. ही गोष्ट तुम्ही प्रत्येक लग्नात सांगता, त्यामुळे मला ती पाठ आहे. ज्या कन्सल्टन्सीने तुम्हाला एच-वन व्हिसावर इथे आणलं, तिच्या गेस्ट हाउसमध्ये सहा जण, दोन गाद्या, आणि रोज एक फोन - "थांबा, प्रोजेक्ट येतंय." प्रोजेक्ट येत नव्हतं, पगारही येत नव्हता. चार महिने तुम्ही खिचडीवर काढलेत. मग दुसऱ्या कंपनीने बोलावलं आणि तुम्ही गेलात. जुन्या कंपनीने वकिलाची नोटीस पाठवली, ती तुम्ही अजून फाइलमध्ये जपून ठेवली आहे. तेव्हा तुम्हाला गयाराम कुणी म्हटलं होतं? आजीने गल्लीत पेढे वाटले होते!

आणि तुम्हाला तसं पटकन जाता आलं, ते २००० च्या ऑक्टोबरमध्ये कायदा बदलला म्हणून. त्याआधी नव्या कंपनीची मंजुरी येईपर्यंत तिथे काम सुरू करता येत नसे. कायदा बदलल्यावर अर्ज दाखल झाला की कामाला लागता यायला लागलं. तेव्हा आपल्या लोकांत कुणी "निष्ठा बुडाली" असा गळा काढल्याचं ऐकिवात नाही. त्याला आपण काय म्हणतो? एच-वन ट्रान्सफर! शब्दसुद्धा तोच आहे हो काका.

"ती पोटापाण्याची गोष्ट होती, हा खेळ आहे," असं तुम्ही म्हणाल. पण त्या पोराकडे खेळायला चार-पाच वर्षं आहेत. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी संपलं. तुम्ही चार महिने बसलात ते आयुष्यभर विसरला नाहीत, आणि त्याच्या चार वर्षांपैकी दोन वर्षं बेंचवर गेली तर ते मात्र त्याच्या चारित्र्याला चांगलं?

आणि ते आयाराम-गयाराम. पक्ष बदलणारा आमदार लोकांची मतं खिशात घालून जातो. हे पोर कुणाचं काय घेऊन जातं? स्वतःचे बूट.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते कबूल करायला हवं. प्रत्येक जाणारा उथॉफ नसतो. बदलीसाठी नाव नोंदवलं की जुनं कॉलेज सत्र संपल्यावर स्कॉलरशिप काढून घेऊ शकतं, आणि नवं कॉलेज मिळेलच असं नाही. कॉलेज बदललं की आधीचे सगळे विषय धरले जात नाहीत, पदवी लांबते. २०२१ नंतर नाव-चेहऱ्याच्या जाहिरातीचे आणि २०२५ पासून थेट कॉलेजकडूनही पैसे मिळायला लागल्यावर काही जण मिनिटांसाठी नाही, डॉलर्ससाठी जातात. छोट्या कॉलेजांनी घडवलेली पोरं मोठी कॉलेजं अलगद उचलतात, हे दुःखही खरं आहे. एकोणीस वर्षांच्या पोराने एका वाईट महिन्यानंतर बॅग भरू नये, असं मलाही वाटतं. माझा मुलगा असता तर मी त्याला म्हटलं असतं, एक उन्हाळा थांब, कोचला समोरासमोर विचार.

पण "थांब" म्हणायला दार उघडं असावं लागतं. दार बंद करून थांबवलेल्या माणसाला निष्ठावान म्हणत नाहीत, कोंडलेला म्हणतात.

दार उघडं असताना कोणी थांबत नाही असं वाटत असेल तर पर्ड्यू बघा. २०२१-२२ च्या सीझनला बदलीची मुभा आलेली होती. तिथे ट्रेव्हियन विल्यम्स हा चौथ्या वर्षाचा मुरलेला खेळाडू, आणि त्याच्याच जागेवर सात फूट चार इंचांचा झॅक ईडी. मिनिटं दोघांत वाटलेली. सिनियर असून विल्यम्स बहुतेक सामन्यांत बेंचवरून आला, आणि बिग टेनचा सर्वोत्तम सहावा खेळाडू ठरला. ईडीला सरासरी एकोणीसच मिनिटं मिळत होती, तोही राहिला. पुढे २०२३ आणि २०२४, सलग दोन वर्षं, तो देशातला सर्वोत्तम ठरला. दोघांपैकी कुणीही जाऊ शकलं असतं. आणि त्यांचे कोच मॅट पेंटर? स्वतः पर्ड्यूकडूनच खेळलेले, आणि २००५ पासून तिथेच मुख्य कोच. ते राहिले म्हणून पोरं राहिली, असं मी सिद्ध करू शकत नाही. पण पोरांना निष्ठा शिकवायचा अधिकार कुणाला असेल तर तो अशा माणसाला आहे. बो रायनना नाही, टीव्हीवरच्या समालोचकाला नाही, आणि काका, माफ करा, पण आपल्या दोघांनाही नाही. मीही तीन कंपन्या बदलल्या आहेत, आणि त्यातली एक निव्वळ मॅनेजर आवडत नव्हता म्हणून.

ज्यांना पोरं टिकावीत असं खरंच वाटतं, त्यांनी एवढंच करावं. घरी येऊन जेवताना त्या दोनशे मिनिटांचा हिशोब खरा सांगावा. "पहिली दोन वर्षं तुला पाच मिनिटं मिळतील" असं स्पष्ट म्हणावं. कराराने बांधायचं असेल तर कोचलाही तेवढ्याच वर्षांनी बांधावं, आणि तो मध्येच गेला तर त्यानेही एक वर्ष साध्या कपड्यांत बसून टाळ्या वाजवाव्यात. एवढं झाल्यावर जो जाईल त्याला खुशाल गयाराम म्हणा, मी तुमच्या शेजारी बसून म्हणेन.

असो. पुढच्या खेपेला आलात की सामना बघूच. येताना ती वकिलाची नोटीस घेऊन या. मुलांना दाखवायची आहे.