'पारंपरिक' या शिक्क्याविरुद्ध

एकाच कोळीगीताची तीन ध्वनिमुद्रणे हाती आली की आपला अभ्यासक प्रथम त्यांतले 'अस्सल' कोणते ते ठरवतो, उरलेल्या दोहोंना 'भ्रष्ट' किंवा 'बाजारू' म्हणतो आणि तुलना पूर्ण झाली असे मानतो. हा निवाडा झाला. तुलना अजून सुरूही झालेली नसते.

या सवयीचे मूळ पाठचिकित्सेत आहे. भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हा आपल्या विद्वत्तेचा अभिमानबिंदू, आणि तो रास्तच आहे. पण तिथे हस्तलिखितावरून हस्तलिखित उतरले होते. नकलेची वंशावळ मांडता येत होती. अर्नाळ्याची बाई हळदीचे गाणे म्हणते ते कशाचीही नक्कल म्हणून नव्हे. तिच्यापुढे मूळ संहिता नसते. समोर नवरी असते, हळदीची वाटी असते आणि नाव घ्यायचे राहिले तर रुसून बसणारा मामा असतो. नातेवाइकांची नावे गीतात गुंफली जातात, म्हणून दर लग्नात गीत बदलते. हा बदल अपभ्रंश नव्हे. गीताचे कामच ते आहे.

इथे मला माझ्याच प्रबंधावर टीका केली पाहिजे. एका गायिकेने माझ्या यंत्रापुढे, बंद खोलीत, हळदीचे एक गीत चार कडव्यांत संपवले. तेच गीत पुढे एका लग्नात तिच्याच तोंडून ऐकले, तेव्हा शेवटच्या नातेवाइकाची हळद लावून होईपर्यंत ते संपले नाही. मी प्रबंधात चार कडव्यांना 'मूळ पाठ' म्हटले आणि लग्नातल्या गीताला 'विस्तारित पाठ'. शिवाय तिच्या 'ल'च्या जागी 'ळ' आणि 'न'च्या जागी 'ण' घालून भाषा 'शुद्ध' केली. परीक्षकांनी संकलनाच्या काटेकोरपणाची प्रशंसा केली होती. आज ती पाने मला वाचवत नाहीत.

गीत कोठे थांबते, हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तिथे गीत तबकडी संपली म्हणून संपे. मांडवात ते विधी संपल्यावर संपते. जहाजावरच्या इंग्रजी श्रमगीतांचेही असेच होते. शीड चढले की गाणे तुटे. पर्सी ग्रेंजर याने १९०८ साली डार्टमथच्या जॉन पेरिंग या खलाशाकडून अशी गीते मिळवली, आणि फोनोग्राफवरील संकलनाविषयी त्याच वर्षी लिहिताना कडव्यागणिक होणारा बदल जसाच्या तसा टिपण्याचा आग्रह धरला. शंभरांहून अधिक वर्षे झाली. आमचे विद्यार्थी अजून पहिले कडवे उतरवून 'उर्वरित कडवी याच चालीत' असे लिहितात.

याहून मोठी विसंगती श्रेयाची आहे. शांता शेळके यांनी लिहिलेले, हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेले, लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी गायलेले डोलकराचे गीत विद्यार्थी खुशाल लोकगीत म्हणून नोंदवतात. आणि जिच्या तोंडून खरोखर गीत मिळाले तिचे नाव न देता खाली 'पारंपरिक' लिहितात. कवयित्रीचे गीत लोकांचे ठरते, लोकांतल्या बाईचे गीत कोणाचेच राहत नाही. या एका शब्दाने ध्वनिफीत काढणाऱ्याचा व्यवहार सोपा होतो, कारण मानधन मागणारे कोणी उरत नाही. विद्यापीठीय संकलक मानधन बुडवत नाही एवढेच. शब्द तोच वापरतो.

सर्व पाठ सारखेच मानायचे काय, असा आक्षेप येईल. मुळीच नाही. नव्वदच्या दशकातल्या ध्वनिफितींवरची कोळीगीते आता हळदीच्या मांडवात परतली आहेत आणि बायका ती फितीच्याच ठेक्यात म्हणतात. वल्ह्याच्या ओढीने ज्याचा ठेका ठरे ते गीत, यांत्रिक होड्या आल्यावर ढोलकीच्या हाती गेले. यात काय गेले नि काय आले हे सांगायचे तर दोन्ही पाठ पूर्ण, प्रसंगासह आणि गायिकेच्या नावासह समोर हवेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या अशाच गायिकेच्या व गावाच्या नोंदीसह जमवल्या; २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात. जात्याला जे लाभले ते डोलीच्या वाट्याला का येऊ नये? पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा ही गावे मुंबईपासून लोकलच्या अंतरावर आहेत. ख्रिस्ती लग्नातल्या उंबराच्या पाण्याची गीते आणि हिंदू लग्नातले धवलारणीचे धवले एकाच तालुक्यात, शेजारशेजारी ऐकू येतात. तरी त्यांच्या ध्वनिमुद्रणांची शेजारशेजारी ठेवून नोंद झालेला प्रबंध माझ्या पाहण्यात नाही.

मराठी विभागांनी नियम करावा: मूळ ध्वनिमुद्रण जमा केल्याशिवाय लोकगीतांवरचा प्रबंध स्वीकारू नये. माझ्या फिती मी कुणी मागितल्या नाहीत म्हणून घरीच ठेवल्या. त्यांतल्या दोन आता वाजत नाहीत. त्यांवरच्या गीतांची छापील रूपे तेवढी शिल्लक आहेत, मी 'शुद्ध' केलेली.