खुर्च्या उचलणारी माणसं

गेल्या गणपतीत आरती आटोपल्यावर प्रसादाच्या रांगेत एक परिचित गृहस्थ भेटले. एका मोठ्या बँकेत आर्किटेक्ट आहेत, माणूस सज्जन. म्हणाले, "तुम्ही ते डेबियनचं काहीतरी करता ना? मग सांगा तुमच्या लोकांना, दरवर्षी पायथॉन बदलून आमचे प्रोग्रॅम मोडू नका म्हणावं!" माझ्या तोंडात मोदक होता म्हणून वाद टळला. राहून गेलेलं उत्तर स्मरणिकेच्या संपादकांच्या कृपेने इथे देतो.

आपल्या मंडळात निम्मी माणसं या धंद्यातलीच आहेत. उरलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. लिनक्स फुकट मिळतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते आपल्या हातात येतं कसं, हे फारसं कुणी विचारत नाही. डेबियन, फेडोरा, उबुंटू यांना डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. हजारो प्रोग्रॅम जमवून, ते एकमेकांशी पटवून घेऊन, एकत्र बांधून द्यायचे हे त्यांचं काम. प्रत्येक प्रोग्रॅमच्या गाठोड्याला पॅकेज म्हणतात आणि ते सांभाळणाऱ्याला मेंटेनर. डेबियन १९९३ साली इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने सुरू केलं. आजही तिथले बहुतेक मेंटेनर नोकरी-संसार सांभाळून रात्री हे काम करतात. माझ्याकडे अशी अकरा पॅकेजेस आहेत, सगळी पायथॉनची.

आता त्या 'मोडण्या'बद्दल. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३ आलं आणि जुने प्रोग्रॅम त्यावर चालणार नाहीत हे आधीच सांगून आलं. जुन्या २.७ ची मुदत मुळात २०१५ पर्यंत होती. ती २०१४ मध्ये वाढवून २०२० केली. म्हणजे सुमारे अकरा वर्षं. एवढ्या वेळात मूल माँटेसरीतून मिडल स्कूलला जातं! तरी २०१९ मध्ये डेबियनने पायथॉन २ काढायला घेतलं तेव्हा ढिगाने पॅकेजेस जुन्यावरच बसलेली होती. आणि एखादी लायब्ररी सरळ काढता येत नाही, कारण तिच्यावर दुसरं काहीतरी टेकलेलं असतं, त्यावर तिसरं. आधी पानं, मग डहाळ्या, मग फांदी, असं उतरत यावं लागतं. माझ्या एका पॅकेजच्या मूळ लेखकाने उत्तर देणंच सोडलं होतं. त्याचा कोड मी तीन महिने शनिवार-रविवार बसून बदलला. शेवटी २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन १२ मधून पायथॉन २ पूर्ण गेलं.

बदल कशाला हवा होता, असं विचारणाऱ्या मराठी माणसाचं मला विशेष आश्चर्य वाटतं. पायथॉन २ मध्ये साधी अक्षरमाळ म्हणजे नुसत्या बाइट्सची रांग. 'मराठी' हा शब्द यूटीएफ-८ मध्ये लिहून लांबी विचारली तर उत्तर यायचं १५. पायथॉन ३ सांगतं ५. (अक्षरं तीनच आहेत असं आमच्या मराठी शाळेच्या बाई म्हणतील, आणि त्यांचंही बरोबर आहे, तो वाद वेगळा.) यादीत स्मिथ आणि जोन्स होते तोवर जुना प्रोग्रॅम छान चालायचा. कुणी 'मृणाल' देवनागरीत लिहिलं की कोसळायचा, आणि तोही नेमका ग्राहकासमोर. ज्या बदलाने आपल्या लिपीला घरात मानाने पाट मिळाला, त्याला शिव्या आपणच द्यायच्या?

पायथॉनवाल्यांच्याही चुका झाल्या, हे कबूल करतो. जुन्या आणि नव्यावर एकच कोड चालावा याची सोय त्यांनी सुरुवातीला नीट ठेवली नाही. युनिकोड मजकुरामागे लावायचं साधं 'यू' अक्षर त्यांनी काढून टाकलं, आणि लोक मेटाकुटीला आल्यावर २०१२ मध्ये ३.३ मध्ये परत आणलं. तो राग मी समजू शकतो.

पण आजच्या तक्रारीला तेवढाही आधार नाही. हल्ली दर ऑक्टोबरला नवी आवृत्ती येते. डेबियनमध्ये ती आधी जुनीच्या शेजारी बसवतात, सी भाषेतले भाग असलेली सगळी पॅकेजेस दोन्हींसाठी पुन्हा बांधतात, जी बांधली जात नाहीत ती दुरुस्त करतात, मग नवीला गादी देतात आणि जुनीला निरोप. २०२३ च्या ३.१२ ने 'डिस्टयुटिल्स' काढलं, त्याचा इशारा २०२१ पासून मिळत होता. २०२४ च्या ३.१३ ने 'सीजीआय', 'टेलनेटलिब' वगैरे काढलं, त्याचा २०२२ पासून. हे इशारे बँकेच्या लॉगमध्येही छापले जात असणार. वाचले कुणी?

आपल्यातले कितीतरी जण वायटूकेच्या लाटेवर या देशात आले. तेव्हा तारखेचे दोन आकडे वाढवून द्यायला कंपन्यांनी तासाचे पैसे मोजले, कारण घड्याळ थांबणार नव्हतं. १ जानेवारी २०२० ला मात्र काहीच बंद पडलं नाही. जुनं पायथॉन दुसऱ्या दिवशीही चालत होतं, फक्त त्याची राखण उठली होती. म्हणून कुणी खिशात हात घातला नाही. "आम्ही पैसे देतो," असं म्हणणारे काही आहेत, आणि त्यांचं खरं आहे. रेड हॅटने आपल्या आठव्या आवृत्तीच्या ग्राहकांसाठी २.७ जून २०२४ पर्यंत सांभाळलं. मी बोलतोय ते बाकीच्यांबद्दल.

थकलेला मेंटेनर ही केवळ त्याची घरगुती अडचण नसते. 'एक्सझेड' ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. ती वर्षानुवर्षं एकटा माणूस सांभाळत होता. तो दमला. मदतीला आलेल्या एका टोपणनावाच्या 'सहकाऱ्या'ने दोन-अडीच वर्षं विश्वास कमावला आणि तिच्यात चोरदरवाजा बसवला. तो डेबियनच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत पोचलाही होता. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून तो सापडला. नाहीतर आमच्या गृहस्थांची बँकही उघडी पडली असती.

मंडळाच्या कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलणारे तेच ते पाच जण असतात आणि मसालेभातात मीठ कमी होतं हे सांगणारे दोनशे, हे आपल्याला नवीन नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की महिन्याचे चार तास द्या, आणि ते कुटुंबाच्या वेळातून नव्हे, कंपनीच्या. मॅनेजरला लेखी विचारा. "पॉलिसीत बसत नाही" म्हणाला तर पॉलिसी दाखवायला सांगा. मी विचारलं तेव्हा असं कलम निघालंच नाही, दोन सह्यांत काम झालं. ज्या लायब्ररीवर तुमचा प्रोग्रॅम उभा आहे तिची एक पडलेली चाचणी दुरुस्त करून पाठवा. तेवढंही नको असेल तर लॉगमधले इशारे वाचा आणि मूळ लेखकाला वेळेत कळवा.

रविवारी मराठी शाळा भरते तेव्हा आपण पालक दोन तास कॅफेटेरियात बसून घरांच्या किमती बोलत असतो. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन असतो. आमच्या बँकवाल्या गृहस्थांनी यावं. कॉफी माझ्याकडून.